जागच्या जागी ताशी १८५ किलोमीटर

डायनोवाल्याने चौथा पट्टा रॅचेटने कचकच आवळला, गुडघा टेकून बसला आणि अंगठ्याने तो वाजवून पाहिला. डावीकडच्याचा आवाज त्याला जरा सैल वाटला. परत दोन दाते ओढले, परत वाजवला. मग चारही पट्टे एकदा क्रमाने. सव्वादोन टनांचा फोर्ड एफ-१५० काँक्रीटच्या जमिनीला असा जखडला होता, की खोड्यात घातलेल्या बैलाची आठवण व्हावी. मागची चाकं जमिनीवर नव्हतीच; ती जमिनीत पुरलेल्या एका अजस्र लोखंडी पिंपाच्या माथ्यावर होती. पिंपाचा वरचा घुमट तेवढा दिसत होता, बाकी सगळं खड्ड्यात. बोनेटसमोर माणसाच्या उंचीचा पंखा. मागे सायलेन्सरच्या तोंडाशी भिंतीतून आलेली जाड नळी, आणि त्या तोंडातच खुपसलेला एक सेन्सर.

"मामा, हे कानात घाल," भाचा म्हणाला आणि माझ्या हातावर स्पंजच्या दोन पिवळ्या गोळ्या ठेवल्या. "आणि काचेच्या आत उभा राहा. पट्टा तुटला तर तो कुठे जाईल सांगता येत नाही."

ठिकाण टेक्सास. ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या पुढे, पत्र्याच्या शेडांची एक रांग. ऑक्टोबरातला शनिवार होता आणि अकराच्या सुमाराला बाहेर ३१ अंश, वर मुंबईसारखा ओलावा. ऑक्टोबर हीट ही आपलीच मक्तेदारी आहे असं मला उगाच वाटत आलं होतं. बहिणीचा हा धाकटा गेली चौदा वर्षं तिकडे आहे. मी पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगमध्ये तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे मामाला समुद्र दाखवावा की गाडीची ताकद मोजणारा डायनो, याचा निर्णय त्याने फारसा विचार न करता घेतला होता.

आधी शब्दांचा घोळ निस्तरतो. आपल्याकडे ट्रक म्हणजे दहा चाकं, लाकडी फळ्यांची केबिन आणि क्लीनर. तिकडे ट्रक म्हणजे चार दारं, पाच माणसं, एसी आणि मागे उघडा हौदा. बायको त्यातून भाजी आणते, नवरा ऑफिसला जातो, पोरं शाळेला. याच वाहनाला ते पिकअप म्हणतात, आणि आपण पिकअप म्हणतो ते ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी ज्या तडफेने उठते तिला. भाच्याच्या पिकअपला पिकअप भरपूर होता. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, कंपनीच्या म्हणण्यानुसार ४०० हॉर्सपॉवर. तरी याला आणखी हवा होता. कशाला, असं त्याच्या आईने फोनवर विचारलं तेव्हा त्याने ट्रेलर ओढायचं कारण दिलं. ट्रेलर त्याच्याकडे नाही.

म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, तिकडच्या कामगार दिनाला जोडून आलेल्या सुट्टीत, त्याने आणि त्याच्या एका मित्राने घरच्या गॅरेजमध्ये ट्रकच्या इंजिनावर सुपरचार्जर बसवला. किट साधारण नऊ हजार डॉलरचं. बहिणीला हा आकडा सांगू नकोस, अशी मला ताकीद आहे. ती दिवाळी अंक वाचत नाही.

सुपरचार्जर म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं आहे. इंजिनात पेट्रोल जास्त ओतणं कुणालाही जमतं. अडतं ते हवेपाशी, कारण एक किलो पेट्रोल नीट जाळायला जवळपास पंधरा किलो हवा लागते आणि इंजिन ती आपल्या छातीच्या मापाइतकीच ओढू शकतं. सुपरचार्जर ही हवा जबरदस्तीने आत कोंबतो. टर्बोही तेच करतो, पण टर्बो फिरतो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर आणि सुपरचार्जर फिरतो इंजिनाच्याच पट्ट्यावर. म्हणजे जास्त कमवायला आधी घरातलेच पैसे घालायचे. फुल रेसला चाळीसेक हॉर्सपॉवर त्या पट्ट्यावरूनच खर्च होतात.

या यंत्राचा पूर्वज मोटारीसाठी जन्मलेलाच नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाच्या गावात फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स हे दोघे भाऊ लोकरीची गिरणी चालवायचे. गिरणीच्या पाणचक्कीत सुधारणा करता करता त्यांच्या हाती एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन लोबांचा पंखा लागला. १८६० साली त्यांनी पेटंट घेतलं. मग तो ओतकामाच्या भट्ट्यांना वारा घालू लागला. १८७० साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेखाली हवेच्या दाबावर डबा ढकलणारा एक छोटा भुयारी रस्ता काही काळ चालला, त्यालाही वारा याच जातीच्या पंख्याचा होता. मोटारीत तो पुष्कळ नंतर आला. डेट्रॉइटच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांना सिलिंडरमधला धूर बाहेर लोटायला असा ब्लोअर लागायचा. ते ब्लोअर भंगारात स्वस्त मिळू लागल्यावर हौशी पोरांनी ते उचलून आपल्या व्ही-८वर बसवले. बोनेट फाडून वर आलेलं ते धूड आपण इंग्रजी सिनेमांत पाहिलेलं असतं.

मला मात्र रूट्स ब्लोअर म्हटलं की पुण्यातल्या आमच्या सोसायटीचं तळघर आठवतं. सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणारा ट्विन लोब ब्लोअर तिथे रात्रंदिवस घुमत असतो आणि पहिल्या मजल्यावरचे जोशी दर सभेत त्याची तक्रार करतात. दोघांचं गोत्र एकच. भाच्याच्या ट्रकवरचा जरा पुढच्या पिढीतला, स्क्रूच्या जातीचा: त्यात मळसूत्रासारखे दोन रोटर हवेला आतच दाबत पुढे नेतात. ही कल्पना विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात आल्फ लिशोल्म या स्वीडिश इंजिनिअरने रुळवली.

आता मोजमाप.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी, १९८२ साली, आमच्या टेस्ट सेलमध्ये पाण्याचा डायनॅमोमीटर होता. इंजिन गाडीतून काढून सांगाड्यावर बसवायचं, त्याच्या शाफ्टला एक पाण्याने भरलेलं कवच जोडायचं. आत फिरणारं चक्र पाणी घुसळतं, पाणी कवचाला ओढतं, कवचाला लावलेला दांडा तराजूवर रेलतो. तराजूवरचं वजन वाचायचं, आरपीएम वाचायचे, गुणाकार करायचा. विल्यम फ्रूडने १८७७च्या सुमाराला जहाजांच्या इंजिनांसाठी जे केलं, तेच. आमचे फोरमन नव्या पोरांना विचारायचे, "ही सगळी ताकद गेली कुठे?" आम्ही तराजूकडे बोट दाखवायचो. ते आम्हाला मागच्या पाइपाशी न्यायचे. इंजिनाने दिवसभर केलेलं काम तिथून वाफाळत गटारात चाललेलं असायचं. डिसेंबरच्या थंडीत दुसऱ्या पाळीची माणसं त्या पाण्यात हात-पाय धुऊनच घरी जायची. शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन अर्धा तास चाललं की किती माणसांची आंघोळ होईल, याचं गणित फोरमन तोंडी सांगत.

केटीच्या शेडमध्ये पाणी नव्हतं. तिथला डायनो जडत्वाचा. जातं आठवा. रिकामं जातं ओढायला लागल्यापासून किती वेळात ते किती वेगाने फिरू लागलं, हे कुणी घड्याळ लावून पाहिलं आणि जात्याच्या तळीचं वजन व घेर त्याला माहीत असेल, तर ओढणाऱ्या बाईच्या दंडात किती जोर आहे हे त्याला काढता येईल. तिला विचारायचीही गरज नाही. हा पिंप म्हणजे तशी तळी. तिचं जडत्व कारखान्यातच मोजून ठेवलेलं. संगणक फक्त ती किती झपाट्याने वेग पकडते ते बघतो आणि त्यातून चाकांवरची ताकद काढतो. म्हणूनच इथे इंजिनाची ताकद कळत नाही, चाकांपर्यंत पोचलेली कळते. वाटेत गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, टायर हे सगळे आपापला हात मारून घेतात.

मी त्याला एप्रिलमध्येच फोनवर बजावलं होतं: काहीही बदलण्याआधी मोजून ठेव. त्याने ऐकलं होतं. याच शेडमध्ये, याच पिंपावर, याच गिअरमध्ये चाकांवर ३३८ हॉर्सपॉवर. इंजिनावरचे ४०० आणि चाकांवरचे ३३८. ही शुद्ध, सरळ, न लाजता देता येण्याजोगी नोंद. ती नसती तर त्या दिवशीचं सगळं काम म्हणजे नुसता तमाशा झाला असता.

गिअरवरून अर्धा तास खल झाला. तो मला आवडला, म्हणून लिहितो. पुस्तक सांगतं की ज्या गिअरमध्ये इंजिन आणि बाहेरचा शाफ्ट एकास एक फिरतात तो घ्यावा, कारण त्यात घर्षण कमी. या ट्रकच्या दहा गिअरपैकी एकास एक सातवा. पण डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.५५ आणि टायर २७५/६५ आर १८. मी पेनाने पावतीच्या मागे हिशोब केला: ६,५०० आरपीएमला सातव्यात चाकांचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या घरात जातो. टायरच्या कडेवर टी अक्षर होतं. टी म्हणजे १९०. पाचव्या गिअरमध्ये, १.५२ने भागलं की, १८५ येतात. डायनोवाला माझ्या पावतीकडे बघून हसला. त्याने आधीच पाचवा ठरवला होता, आणि एप्रिलची नोंदही पाचव्यातलीच होती. टायर फुटला तर तो चिंध्या होऊन हौद्याचा पत्रा आतून वर काढतो, असं त्याने हाताने करून दाखवलं.

मग पंखा सुरू झाला आणि बोलणं संपलं.

डायनोवाला ट्रकमध्ये बसला. एक, दोन, तीन, चार, पाच. गिअर बदलताना पिंपाचा घुंकार पायरी-पायरीने चढत गेला. पाचव्यात येऊन २,००० आरपीएमला त्याने गाडी धरून ठेवली. पाच-सहा सेकंद काहीच नाही. मग पाय पूर्ण खाली.

आवाजाचं वर्णन करायचा मोह आवरतो. एवढंच सांगतो की व्ही-८ची ती घोगरी डरकाळी होतीच, पण तिच्यावर एक बारीक, वर-वर चढत जाणारी शीळ होती, प्रेशर कुकरची शिट्टी होण्याआधी जी सुरसुर होते तिच्या जातीची. काचेमागे माझ्या पोटात पिंप फिरत होता. पट्टे ताठ झाले, ट्रकचं मागचं अंग दोन बोटं खाली बसलं. दहा-बारा सेकंदांत सगळं उरकलं. पाय वर, न्यूट्रल, आणि पिंपाचा ब्रेक. ताशी १८५ किलोमीटरने धावून ट्रक जिथल्या तिथेच.

पडद्यावर आकडा आला ४८६.

भाच्याने मुठी आवळल्या. ३३८चे ४८६, म्हणजे जवळपास दीडशेने वाढ. पण डायनोवाला आकड्याकडे बघतच नव्हता. तो खालच्या रेघांवर होता. पहिली रेघ हवा-पेट्रोलच्या प्रमाणाची, सायलेन्सरमधल्या सेन्सरची: ११.६, सरळ. हवा कोंबलेल्या इंजिनाला पेट्रोल जरा सढळ हातानेच द्यायचं असतं, म्हणजे आतलं वातावरण थंड राहतं आणि इंजिन नॉक करत नाही. नॉकिंग आपल्याला नवं नाही. पेट्रोलमध्ये रॉकेल मारलेलं असलं की चढावर स्कूटरच्या डोक्यातून खडे हलवल्यासारखा आवाज यायचा, तोच प्रकार. फक्त इथे दाब इतका असतो की चार-दोन खडे पिस्टनची कड उडवून नेतात. या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच बारास एक. त्यात वरून हवा कोंबायची म्हणजे चुकीला जागा थोडी. म्हणून टाकीत ९३ ऑक्टेन. त्यांची मोजायची पट्टी वेगळी आहे, आपल्या पट्टीवर ते साधारण ९८ भरेल. आपल्याकडे साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१चं असायचं.

दुसरी रेघ दाबाची. तिच्यावर त्याने बोट ठेवलं. ४,००० आरपीएमला ९.४ पीएसआय, आणि तिथून पुढे वर जायच्या ऐवजी उतरती. ६,०००ला ६.७.

"हे बरोबर नाही," तो म्हणाला. बरोबर नव्हतंच. हा सुपरचार्जर इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं माप ओततो, दुधाच्या मापट्यासारखं. फेरे वाढले तर माप कमी पडायचं कारण नाही. हवा कुठून तरी गळते आहे, किंवा बायपासची झडप नीट मिटत नाही, किंवा मापटंच हवं तितकं फिरत नाही.

बोनेट उघडलं. पंखा बंद केल्यावर गरम ॲल्युमिनियमची टिकटिक ऐकू येऊ लागली. डायनोवाल्याने झडपेची दांडी बोटाने हलवून बघितली, नळ्यांच्या क्लिपा चाचपल्या. मग टॉर्च सुपरचार्जरच्या पुलीवर मारला आणि तसाच धरून ठेवला. मीही वाकलो. पुलीखालच्या पांढऱ्या-करड्या ॲल्युमिनियमवर बुक्का उधळल्यासारखी काळी भुकटी पसरलेली. मी बोट फिरवलं. काजळासारखी मऊ, आणि हुंगली तर जळक्या रबराची. आठ खाचांचा पट्टा. डोळ्यांना सरळ बसलेला. टॉर्च तिरपा केल्यावर दिसलं की तो पुलीवर एक खाच सरकून बसला आहे: सात दात खाचांत, आठवा पुलीच्या कडेबाहेर लोंबतोय आणि त्याच्या कडेचा दोरा सुटून बारीक दाढीसारखा उभा राहिलाय.

पट्टा कुणी बसवला, हे कुणी विचारलं नाही. भाचा टेक्सासच्या आभाळाकडे बघत होता.

डायनोवाला नवा पट्टा आणायला आत गेला. इंजिन हात लावण्याइतकं निवायला पाऊण तास लागणार होता. आम्ही ऑफिसच्या थंड हवेत बसलो. भिंतीवर जुन्या गाड्यांचे आलेख फ्रेम करून लावले होते, आपल्याकडे दुकानात आजोबांचे फोटो असतात तसे. एका आलेखावर १९९९ची मस्टँग कोब्रा होती आणि तिच्यामुळे गप्पा रंगल्या. ती गोष्ट माहीत असलेली माणसं आता केस पिकलेली आहेत. फोर्डने त्या गाडीला ३२० हॉर्सपॉवर सांगितली होती. मालकांनी गाड्या असल्या पिंपांवर चढवल्या आणि आकडे जुळेनात. सुरुवातीला लोकांना डायनोवरच संशय आला, पण वेगवेगळ्या गावांतले डायनो एकच कुरकुर करू लागल्यावर कंपनीला ऑगस्ट १९९९मध्ये विक्री थांबवावी लागली. विकलेल्या गाड्या परत बोलावून इनटेक आणि सायलेन्सरची कामं करून दिली. नंतर २००१च्या मियाता गाडीच्या बाबतीत माझ्दालाही आकडा खाली आणावा लागला. माझ्या धंद्यातला माणूस म्हणून मला या हकिकतीत वेगळीच गंमत वाटते. आमच्या काळी इंजिनाची ताकद सांगायचा अधिकार कारखान्याच्या टेस्ट सेलचा होता. बंद दार, आत आम्ही. आणि इथे गावातल्या शेडमध्ये सव्वाशे डॉलरला कुणीही विचारू शकतो, खरं सांगा, किती?

याचा अर्थ शेडमधला आकडा पवित्र असतो असा नाही. उलट, तो इतका लवचीक असतो की बघून हसू यावं. हवा गरम, ओली किंवा विरळ असली की इंजिन कमी भरतं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, म्हणून आमच्या सेलमध्ये मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमीच भरायचं. डेन्व्हरला तर सोळा-सतरा टक्के. म्हणून सगळे जण आकडा एका ठरलेल्या हवेवर आणून सांगतात. पण ठरलेल्या हवाही दोन आहेत. एसएई या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेची नवी पद्धत २५ अंश धरते, जुनी स्टँडर्ड पद्धत साडेपंधरा अंश आणि जास्त दाब. जुन्या पद्धतीत तोच आलेख चार टक्क्यांनी फुगतो. पडद्यावर एका क्लिकचा प्रश्न. शिवाय ब्रेक लावून भार देणारे डायनो वेगळे, चाकं काढून थेट हबला जोडायचे वेगळे, आणि त्यांतल्या काहींना तिकडे चक्क काळीज तोडणारे म्हणतात, कारण ते कमी आकडा दाखवतात.

आलेख खरा की खोटा हे ताडायची एक सोपी खूण मात्र सांगून ठेवतो. अमेरिकी एककांत हॉर्सपॉवर आणि टॉर्क एकाच पट्टीवर काढले तर दोन्ही रेघा ५,२५२ आरपीएमला एकमेकींना छेदल्याच पाहिजेत. तो निसर्गनियम नव्हे. जेम्स वॉटने एका घोड्याचं काम मिनिटाला ३३,००० फूट-पौंड ठरवलं, त्या व्याख्येचा तो गुणाकार-भागाकार आहे. आपल्या पीएस आणि न्यूटन-मीटरमध्ये हीच गाठ ७,०२४ला पडते. रेघा भलतीकडेच भेटत असतील आणि पट्ट्या वेगळ्या नसतील, तर कागद परत करावा.

नवा पट्टा डायनोवाल्याने स्वतः बसवला. प्रत्येक पुलीवर नखाने खाचा मोजल्या. एक ते आठ. मोठ्याने.

दुसरा रन. या वेळी दाबाची रेघ चढत गेली आणि शेवटी ९.९वर टेकली. आकडा ५६२. दहा मिनिटांनी तिसरा: ५५५. लगेच चौथा: ५४७.

भाच्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं आता आणखी काही बिघडलं. बिघडलं काही नव्हतं. सायकलला हवा मारताना पंपाचं बूड तापतं, त्याचीच ही मोठी आवृत्ती. २७ अंशांची हवा दीडपट दाबली तर आदर्श यंत्रातही ती ६५ अंशांच्या आसपास जाते. खऱ्या यंत्रात ८५ ओलांडते. मग तिला थंड पाण्याच्या जाळीतून नेऊन खाली आणायचं. लागोपाठ रन मारले की ते पाणीच तापतं, हवा पातळ होते, संगणक घाबरून स्पार्क मागे खेचतो. ड्रॅग रेसवाले त्या पाण्याच्या टाकीत बर्फ टाकतात. भाच्याने शेडच्या कोपऱ्यातल्या कोल्ड्रिंकच्या आइस बॉक्सकडे एकदा पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी मान हलवली.

कागद छापताना डायनोवाल्याने विचारलं, एसएई की स्टँडर्ड? आणि उत्तर येण्याआधी क्लिक करून दाखवलं. ५६२चे ५८४ झाले. पंखा बंद, ट्रक बंद, पट्टे सुटलेले, आणि बावीस घोडे येऊन दारात उभे.

भाचा बराच वेळ पडद्याकडे बघत होता. एप्रिलचा कागद एसएईचा होता. शेवटी त्याने तसाच मागितला, तिन्ही रन एकावर एक छापून, आणि पहिला ४८६वालाही. मला त्याचं बरं वाटलं. पण पार्किंगपर्यंत जाईपर्यंत त्याने मोबाइलवर ५६२ला ०.८५ने भागलंच. "मामा, इंजिनावर ६६१!"

मी म्हटलं, थांब. आधी वाटेत ६२ जात होते. आता एकदम ९९ जातात म्हणतोस? गिअरबॉक्स तोच, तेल तेच, टायर तेच. काही नुकसान भाराबरोबर वाढतं, काही वाढत नाही. पंधरा टक्के हा आमच्या धंद्यातला सगळ्यात आळशी आकडा आहे. तुझ्याकडे मोजलेले दोनच आकडे आहेत, ३३८ आणि ५६२. एक पिंप, एक गिअर, एक टायर. मधले २२४ तुझे. बाकीचे उधारीचे.

"आईला काय सांगू?"

"सायलेन्सर दुरुस्त केला सांग."

बोनेटखाली एक चिकटपट्टी आहे, तीही त्याने दाखवली. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने किटला दिलेला परवाना क्रमांक. तो नसता तर हे सगळं केवळ शर्यतीच्या मैदानापुरतं असतं, आणि ह्यूस्टनच्या आसपासच्या जिल्ह्यांत दरवर्षी होणाऱ्या धुराच्या चाचणीत दुखणं उभं राहिलं असतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने असल्या उद्योगांना वाट फारशी ठेवलेली नाही. तरी पुण्या-मुंबईत बुलेट आणि मोटारी पिंपावर चढवणारी पोरं आहेतच, आणि वेताळ टेकडीवर एआरएआय या १९६६पासूनच्या वाहन-चाचणी संस्थेतले पिंप कंपन्यांच्या गाड्या फिरवत असतात. या संस्थेत मात्र पिंप किती जोर लागला ते नव्हे, किती धूर निघाला ते विचारतो.

परत निघालो तेव्हा एक वाजला होता. केटी फ्रीवे काही ठिकाणी बाजूच्या रस्त्यांसकट सव्वीस लेनचा आहे, जगातल्या सगळ्यात रुंद रस्त्यांत त्याची गणना होते, आणि त्या सव्वीसही लेन तुंबल्या होत्या. पुढे कुठेतरी अपघात असावा. आमचा ट्रक ताशी पंधरा किलोमीटरने सरकत होता. भाच्याने समोरच्या काचेशेजारच्या खांबावर बसवलेल्या दाबाच्या काट्याकडे बोट केलं. काटा शून्याच्या डावीकडे, निर्वाताच्या बाजूला झोपला होता. अशा वेळी बायपासची झडप सताड उघडी असते; रोटर फिरतात, हवा एका दारातून घेऊन दुसऱ्या दाराने परत सोडतात, आणि इंजिनाला त्यांचा पत्ताही नसतो.

आलेखांचा कागद डॅशबोर्डवर होता, एसीच्या झोताने त्याचा कोपरा फडफडत होता. डावीकडून एक म्हातारं जोडपं जुन्या कोरोलातून हळूच आमच्या पुढे गेलं.

"मामा," भाचा म्हणाला, "तुझ्या बोटाला अजून पट्ट्याचं काळं आहे."

मी रुमाल काढला.